छपराखालील हॉकी आणि जिवतीचा पावसाळा

जिवती हें नांव आमच्या बहुतेक वाचकांस, आणि विशेषेंकरून वाचक-भगिनींस, श्रावणांतल्या शुक्रवारामुळें परिचित आहे. देवघराशेजारच्या भिंतीवर लावलेला तो चित्राचा कागद, त्यांतील लेंकुरवाळी जिवती, आघाड्याची माळ, पुरणाचे दिवे आणि पोरांचें औक्षण हीं ज्या घरांतून अजून चालू आहेत तीं घरें थोडीं नाहींत. मुलगा परगांवीं असला तर आईनें चारी दिशांना अक्षता टाकून त्याचें औक्षण करावें अशी रीत आहे. आणि हल्लीं मुलें पुण्या-मुंबईऐवजीं फ्रँकफुर्टास किंवा म्यूनिकास असतात म्हणून ती बंद पडली आहे असेंही नाहीं.

परंतु जिवती या नांवाचें एक गांवही आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत, तेलंगणाच्या सीमेला लागून, माणिकगडच्या डोंगरांत तें वसलेलें असून आज तें तालुक्याचें ठिकाण आहे. गांवाच्या नांवाची व्युत्पत्ति देवीशीं लावण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतों. चंद्रपुराहून बल्लारपूर, मग वर्धा नदी ओलांडून राजुरा, तेथून गडचांदूरची सिमेंटची धूळ मागें टाकून डोंगर चढावयाचा, असा तिकडे जाण्याचा मार्ग. हा सारा राजुऱ्याकडील मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबादच्या राज्यांत मोडत असे, आणि सीमेवरील चौदा गांवांवर तर दोन राज्यें अगदीं परवां-परवांपर्यंत हक्क सांगत आलीं आहेत. गोंड, कोलाम, परधान, बंजारा हे येथले रहिवासी. त्यांत १९७२ च्या दुष्काळानें मराठवाड्यांतून उठविलेलीं कुटुंबें येऊन मिळालीं. कापूस, तूर, ज्वारी पिकवावी आणि पावसाची वाट पाहावी, असा हा डोंगराळ संसार आहे.

पाऊस मात्र वाट पाहावयास लावतो आणि आला म्हणजे मुक्काम ठोकतो. मृगापासून जवळजवळ हस्तापर्यंत शाळेपुढील मैदान म्हणजे तांबड्या-काळ्या चिखलाची थारोळीं. गोंडांचीं पोरें बांबूच्या गेड्या करून त्या चिखलावरून ऐटींत चालतात, ही त्यांची युक्ति कौतुकास्पदच आहे. पण गेड्यांवर उभें राहून चेंडू खेळतां येत नाहीं. वर्षाच्या बारा महिन्यांपैकीं चार महिने पावसानें नेले, पुढें एप्रिल-मे हे दोन महिने चंद्रपुरी उन्हानें नेले—तें ऊन किती असतें हें ज्यांनीं सोसलें आहे त्यांस सांगावयास नको—म्हणजे सांघिक खेळासाठीं वर्षाचा अर्धाच भाग हातीं राहिला. आणि खेळाडूची घडण म्हणजे तर निव्वळ रोजच्या सवयीची गोष्ट. ज्याची सवय दर वर्षीं सहा महिने मोडते तो कितीही चपळ असला तरी अर्धवटच राहावयाचा.

या प्रस्तावनेचा हॉकीशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. संबंध असा कीं, ऋतूनें मैदान हिरावून घेतल्यावर काय करावें हा प्रश्न जर्मन लोकांपुढें जसाच्या तसा उभा होता, आणि त्यांनीं त्याचें जें उत्तर काढलें त्यांतून एक नवाच खेळ जन्मास आला. पुढें त्या खेळाची खंडोखंडींचीं अजिंक्यपदें झालीं, जागतिक चषकही झाला.

जर्मनींत आपल्या पावसाळ्याचें काम हिंवाळा करतो. नोव्हेंबरापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत गवताची मैदानें हिमाखालीं किंवा गारठलेल्या चिखलाखालीं जात. तेव्हां १९५० नंतरच्या दशकांत तेथील हॉकीच्या क्लबांनीं आपल्या काठ्या उचलून हँडबॉलच्या बंदिस्त दालनांत नेल्या. प्रथम हा केवळ हात सैल ठेवण्याचा उद्योग होता. हळूहळू त्याला स्वतःचे नियम आले, शेजारच्या देशांत त्याची लागण झाली, आणि १९६८ सालीं आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमांत त्याला अधिकृत जागा मिळाली. इन्डोअर हॉकी ती हीच. आम्ही तिला छपराखालील हॉकी म्हणूं. ज्या वाचकांचीं मुलें-नातवंडें जर्मनींत आहेत त्यांनीं पुढच्या हिंवाळ्यांत सहज विचारून पाहावें. जी मंडळी उन्हाळ्यांत हिरव्या मैदानावर खेळते तीच हिंवाळ्यांत दालनांत खेळतांना दिसेल. दोहोंची राष्ट्रीय साखळी स्वतंत्र आणि दोहोंचा अभिमान सारखाच.

खेळाची रचना थोडी तपशिलानें सांगितली पाहिजे, कारण सारें मर्म तींतच आहे. मोठ्या हॉकीचें मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. दालनांतलें क्रीडांगण लांबीला ३६ ते ४४ मीटर व रुंदीला १८ ते २२ मीटर; म्हणजे मोठ्यांत मोठें घेतलें तरी तें मूळ मैदानाच्या पांचव्या हिश्श्याहून अधिक भरत नाहीं. अकरांऐवजीं सहा खेळाडू, त्यांतला एक गोलरक्षक. आणखी सहा बाजूस बसलेले, आणि खेळ चालू असतांनाच त्यांची अदलाबदल. गोलाची चौकट तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच. पूर्वीं वीस-वीस मिनिटांचे दोन भाग असत, आतां दहा-दहा मिनिटांचे चार असतात.

यांत दोन गोष्टी अशा आहेत कीं ज्यांनीं खेळाचा स्वभावच बदलून टाकला. पहिली ही कीं, येथें काठी उगारून चेंडूला टोला मारावयाचा नाहीं. चेंडू काठीला टेकवून ढकलावयाचा, आणि तोही जमिनीलगतच. केवळ गोलावर नेम धरतांना तेवढा तो उचलण्याची मुभा. जागा इतकी कोंदट आणि माणसें इतकीं जवळ कीं ही बंदी नसती तर दर सामन्यास दोन-चार डोकीं फुटलीं असतीं. दुसरी गोष्ट बाजूच्या फळ्यांची. लांबीच्या दोन्ही कडांना दहा सेंटिमीटर उंच व तितक्याच जाड अशा लांकडी फळ्या मांडलेल्या असतात, त्यामुळें चेंडू त्या बाजूंनीं सहसा बाहेर जातच नाहीं. तो फळीवर आपटून परत येतो. आणि कसलेला खेळाडू प्रतिस्पर्ध्याला चकविण्यासाठीं फळीचाच सोबती करतो. ज्यांनीं वाड्याच्या चौकांत भिंतीवर चेंडू मारून एकट्यानें दुपार काढली आहे त्यांस फळीशीं केलेल्या या सलगीचा अर्थ चटकन् कळेल. कॅरममध्यें कड घेऊन सोंगटी काढणारास तर तो अधिकच कळेल.

टोला नाहीं, पल्ला नाहीं, उसंत नाहीं. मग उरतें काय? उरतें मनगट, पदन्यास आणि नजर. मोठ्या मैदानावर चूक झाली तर पन्नास यार्ड धावून ती निस्तरतां येते. येथें चूक झाली कीं गोल झालाच. एकेका सामन्यांत दोन्ही बाजू मिळून दहा-बारा गोल होणें ही येथें नवलाई नव्हे. आमच्या आट्यापाट्यांच्या खेळांत जो गुण लागतो, म्हणजे हातभर जागेंत अंगाची हुलकावणी देऊन निसटण्याचा, तोच येथें लागतो. फरक इतकाच कीं निसटतांना चेंडूही बरोबर न्यावयाचा असतो.

या खेळाचें पुरुषांचें पहिलें युरोपीय अजिंक्यपद १९७४ सालीं पश्चिम बर्लिन येथें झालें, आणि स्त्रियांचें लगेच पुढच्या वर्षीं. स्पर्धेची घडी अशी कीं वरच्या वर्गांत ठराविक संघ, त्यांचे दोन गट, आणि तळाला राहतील त्यांनीं पुढल्या खेपेस खालच्या वर्गांत उतरावें. सारा सोहळा भर हिंवाळ्यांत मोजक्या दिवसांत उरकतो. सकाळीं एक सामना व संध्याकाळीं दुसरा, असेंही होतें. ज्यांनीं हा खेळ निर्माण केला त्यांनीं तो जिंकावा यांत आश्चर्य नाहीं; परंतु जर्मनांनीं तो किती वेळां जिंकावा यालाही कांहीं मर्यादा असावी! आरंभापासून तीन दशकें उलटून गेलीं तरी हें विजेतेपद जर्मनीबाहेर गेलें म्हणून नाहीं. अखेर २००८ सालीं उरल पर्वताच्या पायथ्याशीं येकातेरिनबुर्ग येथें रशियानें तें हिरावून घेतलें, आणि २०१० सालीं ऑस्ट्रियानें. त्यानंतर जर्मनी पुन्हां वर आली, पण पूर्वींचा निर्धास्तपणा मात्र गेला तो गेला.

ऑस्ट्रियाची गोष्ट आम्हांस सर्वांत बोधक वाटते. उघड्या मैदानावरील हॉकींत त्या देशाचें नांव पहिल्या आठांत कोणी घेत नाहीं. लोकसंख्येनें तो आपल्या विदर्भाहूनही लहान, आणि तेथला नामांकित खेळ म्हटला म्हणजे बर्फावरून घसरत जाणें हा. पण व्हिएन्नाच्या क्लबांनीं दालनांतली हॉकी मनावर घेतली. जागतिक चषक २००३ सालीं लाइप्त्सिग येथें सुरू झाला तेव्हां पहिले तीन चषक, म्हणजे २००३, २००७ आणि २०११ चे, जर्मनांनींच नेले. २०१५ सालीं हॉलंडनें अंतिम सामन्यांत ऑस्ट्रियाला हरवून तो घेतला. आणि मग २०१८ सालीं, खुद्द बर्लिनमध्यें, जर्मन प्रेक्षकांनीं भरलेल्या दालनांत, ऑस्ट्रियानें जर्मनीशीं बरोबरी साधली आणि शेवटच्या एकास-एक चुरशींत चषक उचलला. २०२३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत प्रिटोरिया येथें त्यानें पुन्हां तेंच केलें. या वेळीं समोर हॉलंड होतें.

बर्लिन या नगराचा हॉकीशीं ऋणानुबंधच दिसतो. १९३६ च्या ऑगस्टांत ऑलिंपिकचा अंतिम सामना तेथेंच झाला. तो १४ तारखेस व्हावयाचा होता, पण पावसानें मैदान भिजलें म्हणून १५ तारखेवर गेला. त्याआधीं महिनाभर सरावाच्या सामन्यांत जर्मनांनीं आपल्या संघाला चार विरुद्ध एक असें हरविलें होतें, तेव्हां आपली मंडळी चिंतेंत होती. मध्यंतरापर्यंत एकच गोल झाला. पुढें ओलसर गवतावर बूट घसरूं लागले म्हणून ध्यानचंद यांनीं ते काढून टाकले आणि मग जें घडलें तें सर्वश्रुत आहे. भारताचे आठ गोल, जर्मनीचा एक. त्या संघांत मुंबई प्रांताचे बाबू निमल होते, आणि त्याआधीं १९२८ च्या आम्स्टर्डमच्या विजयी संघांत मध्यप्रांताचे रेक्स नॉरिस. तेव्हांच्या चांदा जिल्ह्याच्या प्रांतांतला माणूस हॉकीच्या पहिल्या सुवर्णपदकांत वांटेकरी होता, हें चंद्रपूरकरांनीं विसरूं नये. आणखी एक योग पाहा. १९३६ सालच्या त्याच बर्लिनमध्यें अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें कबड्डीसारखे आपले देशी खेळ जगापुढें करून दाखविले. म्हणजे तोकड्या जागेंत खेळावयाचे खेळ आम्हीं जर्मनांच्या अंगणांत नेऊन दाखविले, आणि चाळीस वर्षांच्या आंत जर्मनांनीं हॉकी तोकड्या जागेंत बसवून त्याच नगरांत तिचें अजिंक्यपद भरविलें. यांत कार्यकारणभाव आहे असें आम्ही म्हणत नाहीं. गंमत आहे एवढेंच.

कार्यकारणभाव असेल तर तो दुसरीकडे आहे. ध्यानचंदांच्या पिढीचें वैभव टोल्यांत नव्हतें. चेंडू काठीला बिलगून ठेवण्यांत होतें. ही विद्या आपली. ओबडधोबड जमिनीवर, मोडक्या काठ्यांनीं, गल्लीबोळांत खेळून ती आपल्या पोरांच्या मनगटांत उतरली होती. पुण्याजवळ खडकीस दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतींत वाढलेले धनराज पिल्ले हे त्याच मातीवरचे. मोडक्या काठ्या व टाकून दिलेले चेंडू घेऊन त्यांनीं व त्यांच्या भावांनीं हा खेळ आत्मसात केला, आणि पुढें चार ऑलिंपिकें व चार जागतिक चषक खेळून दाखविले. पण दरम्यान मैदानच बदललें. १९७५ सालीं क्वालालंपूर येथें गवतावर भारतानें जागतिक चषक जिंकला. एकच वर्षानें माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्यें प्रथमच कृत्रिम गालिचा अंथरला गेला आणि भारत सातवा आला. पुढें १९८० चें मॉस्कोचें सुवर्णपदक सोडलें तर टोकियोच्या कांस्यपदकापर्यंत चाळीस वर्षांचा दुष्काळ पडला. दोष एकट्या गालिच्याचा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. संघटनेंतले घोळ आणि आळसही त्यांत होते. परंतु गालिचा कोट्यवधि रुपयांचा, तो दर सामन्यापूर्वीं पाण्यानें भिजवावयाचा, आणि दहा-बारा वर्षांनीं बदलावयाचा, हें खरेंच आहे. जिवतीसारख्या गांवांत उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यासाठीं डोंगर उतरावे लागतात. तेथें खेळाची जमीन भिजविण्याची भाषा कोणीं करावी?

गालिच्याच्या या कहाणींत दालनांतल्या खेळाचा धडा सहसा कोणी पाहत नाहीं. आम्हांस तो असा दिसतो. काठीला चेंडू चिकटविण्याची जी विद्या आपल्याकडे गल्लींत फुकट मिळत होती, ती युरोपीय लोकांनीं हिंवाळ्याच्या निमित्तानें दर वर्षीं तीन-चार महिने, लहानग्यांपासून थोरांपर्यंत, शिस्तीनें गिरविली. उन्हाळ्यांत शरीरबळ आणि धांव, हिंवाळ्यांत मनगट. जर्मनांनीं १९७२, १९९२, २००८ व २०१२ अशीं चार ऑलिंपिक सुवर्णपदकें मैदानावर मिळविलीं, तीं छपराखालच्या हिंवाळ्यांवांचून मिळालीं असतीं असें आम्हांस वाटत नाहीं. याला पुरावा मागणारानें एवढेंच पाहावें कीं, ज्या देशानें मैदानावर इतकें मिळविलें त्याला दालन सोडून द्यावें असें आजवर एकदांही वाटलेलें नाहीं.

आशिया खंडाकडे वळलें कीं चित्र फारच विलक्षण दिसतें. येथेंही पुरुषांच्या छपराखालील हॉकीचा आशिया चषक भरतो. आणि तो पुन्हां पुन्हां जिंकणारा देश भारत नव्हे, पाकिस्तानही नव्हे, तर इराण! मैदानी हॉकींत इराणला कोणी ओळखत नाहीं. पण दालनांतला फुटबॉल तेथें घरोघरीं मुरलेला. दालनें होतीं, पोरांच्या पायांत लहान जागेची चपळाई होती, काठी हातीं देण्याचाच काय तो अवकाश होता. २०१८ च्या बर्लिनच्या जागतिक चषकांत इराण तिसरा आला. ज्यांच्या पाठीशीं ध्यानचंद नाहींत, आठ सुवर्णपदकें नाहींत, त्यांनीं तीस-चाळीस पावलें लांबीच्या जमिनीवर हें करून दाखविलें. आणि आम्हीं मात्र हा खेळ दुय्यम म्हणून बाजूस ठेवला. जागतिक चषकाच्या विजेत्यांत भारताचें नांव नाहीं. हें आम्ही खेदानें लिहीत आहों, परंतु इराणच्या हेव्यानें नव्हे.

आमच्या माणसांस लहान जागा मानवत नाहीं म्हणावें, तर २०२३ चा सप्टेंबर आठवावा. ओमानमधील सलाला येथें पांच-पांच खेळाडूंच्या हॉकीचा पुरुषांचा पहिला आशिया चषक झाला. हा दालनांतल्या खेळाचा धाकटा चुलतभाऊ. उघड्यावर खेळावयाचा, पण मैदान आंखूड आणि कडेला फळ्या त्याच. अंतिम सामन्यांत भारत व पाकिस्तान चार-चार गोलांनीं बरोबरींत राहिले आणि शेवटच्या चुरशींत भारतानें दोन विरुद्ध शून्य अशी सरशी केली. त्यापूर्वीं २०१८ च्या ब्यूनोस आयरिसच्या युवक ऑलिंपिकमध्यें याच प्रकारांत आपल्या मुलांनीं व मुलींनीं, दोहोंनींही, रौप्यपदकें मिळविलीं होतीं. म्हणजे मनगट अजून आहे. उणीव आहे ती छपराची.

आतां पुन्हां जिवतीकडे. तेथल्या मुलांच्या अंगांत काय आहे याविषयीं ज्यांना शंका असेल त्यांनीं २०१८ च्या मे महिन्यांतली गोष्ट लक्षांत घ्यावी. चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांच्या पांच आदिवासी विद्यार्थ्यांनीं त्या महिन्यांत एव्हरेस्टचें शिखर गांठलें. ज्यांनीं बर्फ कधीं पाहिलें नव्हतें तीं हीं मुलें. तेव्हां दम, काटकपणा, धिटाई यांची वाण नाहीं. पण एव्हरेस्टचें शिखर गांठावयास निवडक पांच लागतात, आणि खेळ मात्र वर्गांतल्या चाळीसही पोरांना रोज पाहिजे असतो. आश्रमशाळेंतलीं मुलें घरापासून दूर, वसतिगृहांत राहणारीं. पावसाची झड आठ-आठ दिवस उघडत नाहीं तेव्हां वर्ग, जेवणघर आणि निजण्याची जागा या तीन खोल्यांत त्यांचें जग कोंडलें जातें. आपल्या घरीं अशा झडींत नातवंडें आजोबांभोंवतीं जमतात, पत्त्यांचा डाव मांडतात, सोंगट्या काढतात; आईचा ओरडा खातात, पण आईजवळ असतात. तेथें तें कांहींच नाहीं. सुटी लागली कीं परत न येणारीं मुलें या शाळांची जुनी दुखणी आहे. आणि संध्याकाळीं ज्याची वाट पाहावी असें कांहीं शाळेंत असणें हा त्या दुखण्यावरचा एक तरी उपाय आहे, असें आम्हांस वाटतें.

आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. एक असा कीं, ज्या तालुक्यांत रस्ते आणि दवाखाने अपुरे आहेत तेथें खेळाचीं दालनें म्हणजे आधीं कळस मग पाया. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला आमचें उत्तर इतकेंच कीं आम्ही दालन मागत नाहीं, छप्पर मागतों. राजुरा-कोरपन्याच्या कापूसपट्ट्यांत सरकी काढण्याच्या कारखान्यांचीं मोठमोठीं छपरें पावसाळ्यांत, हंगाम नसल्यामुळें, बहुतांशीं रिकामीं असतात. धान्याच्या गोदामांचेंही थोडेंफार तसेंच. खांब मध्यें येतात, हें खरें. मग सहांऐवजीं चार-चार खेळवावेत. अजिंक्यपदाचे नियम अजिंक्यपदासाठीं; पोरांना त्यांची सक्ती कोण करतो? दुसरा आक्षेप जाणत्या हॉकीपटूंचा. टोला नाहीं ती हॉकी कसली, असें ते म्हणतात. त्यांस आम्ही व्हिएन्ना व तेहेरानकडे बोट दाखवूं. तिसरा आक्षेप जमिनीचा असून तो मात्र खरोखरीच विचारांत घेण्याजोगा आहे. सिमेंटच्या कोब्यावर रोज धावल्यानें पोरांचे गुडघे व घोटे दुखावतात. युरोपांत त्यासाठीं लवचीक लांकडी जमीन असते, आणि ती स्वस्त नव्हे. गोदामांत खेळावयाचें तर वेळ थोडा ठेवावा, पायांत चांगले रबरी तळाचे बूट असावेत, आणि पडलेल्या चेंडूवर अंग टाकण्याची संवय मुळींच लागूं देऊं नये. नियमांतही लोळून चेंडू खेळण्यास मनाई आहेच. गोलरक्षकाला मात्र पूर्ण संरक्षक पोशाख द्यावा लागेल; यांत काटकसर चालणार नाहीं, कारण त्याच्यावर सात मीटरांवरून चेंडू येतो.

मुलींचें काय, असें आमच्या वाचक-भगिनी विचारतील व तें त्यांनीं विचारावेंच. युरोपांत स्त्रियांचें अजिंक्यपद पुरुषांच्या पाठोपाठ एका वर्षांत सुरू झालें, हें वर आलेंच आहे. छपराखालच्या खेळाची एक सोय अशी कीं तो अंधार पडण्यापूर्वीं, चार भिंतींच्या आंत, शिक्षिकेच्या नजरेसमोर होतो. ज्या आया मुलीला दूरच्या मैदानावर धाडावयास कचरतात त्यांची भीड येथें लवकर मोडते. काठीही मोठ्या हॉकीच्या काठीहून हलकी व बारीक असते.

राहतां राहिल्या फळ्या. चंद्रपूर जिल्हा सागवानाचें आगर. २०२३ च्या मार्चांत अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठीं बल्लारपूरहून सागाचे ओंडके वाजतगाजत निघाले, तें अनेकांनीं पाहिलें असेल. खेळाच्या फळीला सागच पाहिजे अशी कांहीं अट नाहीं. सरळ, न मुरडणारें, कडा घासून गुळगुळीत केलेलें कोणतेंही लांकूड चालतें, आणि आंतल्या बाजूस तें किंचित् कललेलें असावें म्हणजे चेंडू उडी न घेतां परततो. मोठ्यांत मोठ्या क्रीडांगणाची लांबी ४४ मीटर, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ८८ मीटर फळी. रुंदी व उंची दहा-दहा सेंटिमीटर धरली तर एकूण लांकूड एक घनमीटरही भरत नाहीं.